एकाच टोकनावर दोन अर्ज

अर्जदार: मी स्वतः, बंगळुरातल्या बसवनगुडीतील एका सरकारी कचेरीबाहेर बसणारा अर्जलेखक. काळ: नव्वदच्या दशकाची अखेर. साक्षीदार: माझ्या माडीवरची भाडेकरू, पुण्याहून आलेली संगणक अभियंता, तसेच कचेरीच्या खिडकीवरील कारकून.

हकीकत अशी की, सदर भाडेकरूने जुने प्रोग्राम आपोआप सुटसुटीत लिहून देणारा एक प्रोग्राम रचला होता. लिखाण बदलावे, पण काम तसूभरही बदलू नये, ही त्याची अट. माझ्याही धंद्याची हीच प्रतिज्ञा असल्यामुळे मी तिला रोज सल्ला देत असे. तिच्या साहेबांचे म्हणणे, चार नमुने चालवून पाहा आणि शनिवारी गिऱ्हाइकाला पाठवा. तिचे म्हणणे, गणिताने सिद्ध झाल्याशिवाय पाठवणार नाही. सिद्धता मात्र एका नियमावर अडली होती: तीच विचारणा दोनदा आली, तर ती एकदाच करून उत्तर दोन्हीकडे वापरावे.

"यात अडण्यासारखे काय आहे?" मी म्हणालो. "उद्याच करून दाखवतो."

दुसऱ्या दिवशी दोन बहिणींचे अर्ज आले, मजकूर तोच. मी रुबाबात एकच टोकन घेतले आणि तोच क्रमांक दोन्ही अर्जांवर घातला. पहिला अर्ज आत गेला. दुसरा कारकुनाने परत सरकवला.

"अण्णा, एका टोकनावर एकच अर्ज! इतकी वर्षं बाहेर बसताय, हेही मीच सांगायचं?"

"स्वल्प सांभाळून घ्या की."

"सरी, बरं, घेतो. आधी रांगेत जाऊन दुसरं टोकन आणा."

संध्याकाळी हा अपमान मी माडीवर सविस्तर कथन केला. ती हसता हसता खुर्चीवरच चढली.

"काका, तुम्ही माझाच नियम पाळलात! टोकन मागितलं की पुढचा नंबर सरकतो. नुसतं विचारल्यानं काही बदलत असेल, तर दोनदाचं एकदा करायचंच नाही. ही अट घालायची राहिली होती!"

तिने अट घातली. सिद्धता तपासणारा प्रोग्राम क्षणभर घुटमळला आणि अडलेली पायरी पार झाली. आम्ही दोघे एकदम ओरडलो. मी, पन्नाशीला टेकलेल्या प्रतिष्ठित गृहस्थाने, चक्क गिरकी घेतली.

"लॉटरी लागली की काय?" खालून सौभाग्यवती.

"त्याहून मोठे!"

तिच्या साहेबांना द्यायचा अर्ज मी तिथेच बसून लिहिला. तो मंजूर झाला, हे आधीच सांगून टाकतो. एवढा आनंद शेवटपर्यंत दाबून ठेवणे मला झेपत नाही. अर्जाचा अखेरचा परिच्छेद असा:

सबब नम्र विनंती की, चार नमुन्यांवर समाधान न मानता सोबतची सिद्धता वाचावी, प्रोग्राम नव्या अटीसह पाठवण्यास मंजुरी द्यावी, आणि तसे शनिवारपूर्वी लेखी कळवावे.