झोप मुरवलेली गादी

जळकोटात हायवेला लागून कल्याणप्पाचं गाद्यांचं दुकान होतं. पत्र्याची खोली, आत कापूस पिंजायची मशीन आणि छातीएवढा ढीग. त्याच्या मिशा, भुवया, कानावरचे केस, सगळ्यावर कायम कापूस बसलेला. त्यामुळं पस्तिशीतच लोक त्याला म्हातारा समजायला लागले होते. आता चोपन्नाव्या वर्षी तो खरोखर तसा दिसत होता, एवढाच फरक.

सोलापुरात ज्या उस्तादाकडं तो काम शिकला, त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, गिऱ्हाइकाच्या गादीवर आपलं अंग टाकायचं नाही. कल्याणप्पानं हे इतकं मनावर घेतलं की तीस वर्षांत तो कुठल्याच गादीवर झोपला नाही. घरी सतरंजी, उशाला हात. बायको चन्नम्मा म्हणायची, "आख्ख्या तालुक्याला गाद्या दिल्या आन मी सतरंजीवर." तो म्हणायचा, "पुढच्या दिवाळीला भरू." अशा बऱ्याच दिवाळ्या गेल्या.

मग फोमच्या गाद्या आल्या. प्लास्टिकात गुंडाळलेल्या गाद्यांचे टेम्पो दुकानासमोरून जायला लागले. एखादा टेम्पो दिसला की कल्याणप्पा हातातलं दाभण खाली ठेवून उभा राहायचा, कुणाची मयत चालल्यासारखा. लग्नसराईतसुद्धा दुकानात माशा बसायला लागल्या, तेव्हा नळदुर्गच्या कॉलेजात बी. कॉम. करणाऱ्या त्याच्या मुलीनं, शिवांजलीनं, पदर खोचला.

"अप्पा, मार्केटिंग करावं लागतंय. रील टाकू."

"बोर्ड हाय की रंगवलेला."

"बोर्ड वाचायला कोण थांबतंय? मोबाइलवर अंगठा सरकायच्या आत माणूस अडकला पायजे."

पहिल्या रीलमध्ये कल्याणप्पा पासपोर्टच्या फोटोला उभा राहिल्यासारखा ताठ उभा राहिला आणि "कापूस शुद्ध हाय!" असं ओरडला, जणू कोणी पोलिसांत तक्रार दिली होती. तेवीस वेळा ते पाहिलं गेलं. त्यातल्या आठ वेळा चन्नम्मानंच पाहिलं, कारण मागच्या दोरीवर तिचा हरवलेला ब्लाउज दिसत होता.

शिवांजलीनं मग लाइव्ह करायचं ठरवलं. "नुसतं बोलून भागणार न्हाय. गादी किती मऊ हाय ते दाखवा. झोपा त्याच्यावर."

"मी? गादीवर?"

"गिऱ्हाइकाची न्हाय अप्पा, नमुन्याची हाय."

नमुन्याच्या गादीबद्दल उस्ताद काही बोलला नव्हता. दुपारचे दोन वाजले होते. कल्याणप्पानं धोतर सावरलं, आधी एक गुडघा टेकला, मग पाठ टेकली आणि म्हणाला, "मंडळी, ही बगा आमची चार पदरी..." पुढं शब्द आला नाही. घोरणं आलं.

तेवढ्यात मागच्या घरातून चन्नम्मानं हाक मारली, कासारीण आली होती. शिवांजली मोबाइल कापसाच्या गाठोड्याला टेकवून बांगड्या भरायला गेली ती तासानं परतली. स्क्रीनवर चार हजार माणसं आपल्या बापाची झोप बघतायत हे पाहून तिच्या हातातली नवी बांगडी दारावर आपटून फुटली. "हळू! मामा उठतील!" असं लगेच कोणीतरी लिहिलं. सुरतेहून एकीनं लिहिलं होतं, "उठवू नका, यांच्या घोरण्यानं माझं बाळ झोपलंय." तिसऱ्याला काळजी होती, "मघापासून आवाज नाही. सगळं ठीक ना?"

कल्याणप्पा चार वाजता उठला, मोबाइलमध्ये डोकावला आणि दचकला. "हे लाल लाल काय उडलालंय?"

"बदाम हायत अप्पा. लोकांचा जीव जडला तुमच्यावर."

"मी काय केलं?"

तिनं उद्याच्या लाइव्हची वेळ टाइप करायला घेतली.

रोज दोन ते चार असा वेळ ठरला. आठ दिवसांत लोक त्याला झोपमामा म्हणायला लागले. समोरच्या घरातले निवृत्त शिक्षक नारायणराव स्वतःहून पहाऱ्याला आले. ते हातात वेताची छडी घेऊन रस्त्यात उभे राहायचे आणि हॉर्न वाजवणाऱ्याला वर्गाबाहेर काढल्यासारखं कोपऱ्यापर्यंत पिटाळायचे. हायवेवरच्या गाड्या थांबायच्या. माणसं चपला बाहेर काढून चवड्यावर आत यायची, झोपलेल्या कल्याणप्पाला हात जोडून तशीच निघून जायची. गादीचा भाव विचारायला त्याला उठवायचं धाडस कुणाला होईना. परंड्याहून एक जण मुलीच्या लग्नाच्या गाद्या सांगायला तीन गाड्या बदलून आला, कल्याणप्पाकडं बघता बघता कापसाच्या ढिगावर स्वतःच आडवा झाला, जाग आल्यावर "गाडी चुकली, गाडी चुकली" करत पळाला. गाद्या सांगायच्या राहूनच गेल्या.

मग लातूरच्या एका बाईंचा मेसेज आला. मामा झोपतात तीच गादी हवी होती.

"वापरलेला माल विकायचा?" कल्याणप्पाच्या अंगावर काटा आला. "उस्ताद वरून बगत असंल."

"अप्पा, त्यांना तीच पायजे. नवीन दिली तर ती फसवणूक होईल."

हा मुद्दा त्याला खोडता येईना. गादी गेली. बाईंनी लिहिलं की तीन वर्षांनी सलग सात तास झोप लागली. ते वाचून एका आठवड्यात चाळीस जणांनी मागणी केली, आणि प्रत्येकाला कल्याणप्पा झोपलेलीच गादी हवी होती. नागपूरच्या एका गृहस्थांनी स्पष्ट लिहिलं, "घाई नको, पण चांगली आठ दिवस मुरवून पाठवा."

"मुरवायला ते काय लोणचं हाय?" चन्नम्मा म्हणाली.

पण शब्द बाजारात फिरला. शिवांजलीनं वहीत तक्ता काढला: सकाळी पुण्याची गादी, दुपारी नागपूरची, जेवून पुन्हा पुण्याची. कल्याणप्पा सचोटीचा माणूस. दोन तास म्हणजे दोन तास. मधे पाणी प्यायला उठला तर तेवढी मिनिटं शेवटी जास्त झोपायचा. आता अडचण अशी झाली की तो झोपेल तर गाद्या भरणार कोण, आणि गाद्या भरत बसला तर झोपणार कोण? भरायचं काम चन्नम्मावर आलं. शेजारणी कौतुकानं म्हणायच्या, "तुमचे मालक लई राबतेत हो." ती दाभणात दोरा ओवत म्हणायची, "व्हय, आत्ताच पडलेत राबायला."

माल तुंबला तेव्हा तिनंच तीन गाद्यांवर झोपून हातभार लावला. पंधरा दिवसांनी त्यातली एक गादी गेलेल्या घरून तक्रार आली. "या गादीवर रात्रभर भांडणाची स्वप्नं पडतात. ही नक्की मामांनीच मुरवली का?" कल्याणप्पाला खोटं बोलता येईना. त्यानं माफी मागून गादी परत मागवली.

"माझी झोप काय भेसळीची हाय का?" चन्नम्मानं विचारलं. परत आलेली गादी तिनं उचलून घरात नेली. त्या रात्रीपासून ती तिच्यावर झोपायला लागली आणि तिला एकही स्वप्न पडलं नाही.

या भानगडीनंतर कल्याणप्पाची झोपच उडाली. डोळे मिटले की तक्ता दिसायचा. पत्र्याचे नटबोल्ट मोजून झाले, उलटे मोजून झाले. तीस वर्षं सतरंजीवर जी झोप पाठ टेकताच यायची, ती चार पदरी गादीवर वळून बघेना. लाइव्हवर लोकांनी लगेच ओळखलं. "मामांची पापणी हलतेय." "घोरणं आजचं बनावट आहे." "झोपेच्या नावाखाली नाटक!"

नाटक हा शब्द शिवांजलीनं वाचून दाखवला तसा तो उठून बसला. मोबाइलसमोर पहिल्यांदाच ताठ न होता बसला.

"मंडळी, झोप येईना झालीय. येत असल्याचं सोंग मला जमत न्हाय. काय करावं ते तुमीच सांगा."

त्यावर बघणाऱ्यांची संख्या अकरा हजारावर गेली. कुणी दुधात जायफळ सांगितलं, कुणी तळपायाला तूप. जम्मूहून एका जवानानं मोठ्या अक्षरांत "विश्राम!" असा हुकूम लिहिला. सुरतेच्या बाईंनी आपल्या बाळाला पाजायचं टॉनिक सुचवलं. कल्याणप्पा सगळं ऐकून घेत होता आणि डोळे जास्तच उघडत होते.

बाहेर छडी घेऊन उभे असलेले नारायणराव आत आले. "कल्याणप्पा, मी काही वाचून दाखवू का? मन रमेल तुझं."

त्यांनी घरातून सहाशे चाळीस पानांचं बाड आणलं. ते त्यांचं आत्मचरित्र होतं. निवृत्तीनंतर सात वर्षं त्यांनी ते लिहिलं होतं आणि अजून ते कुणीही, त्यांच्या पत्नीनंसुद्धा, ऐकलेलं नव्हतं. गुरुजींनी चष्मा पुसला आणि खणखणीत आवाजात सुरू केलं.

"दिनांक अकरा जून रोजी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी मी ढोकी येथील शाळेत रुजू झालो. शाळेला एकूण सहा खिडक्या होत्या. पहिली खिडकी पूर्वेस असून तिला चार गज होते. दुसरी खिडकीही पूर्वेसच असून तिला मात्र..."

तिसऱ्या खिडकीला कल्याणप्पा घोरायला लागला. पाचव्या खिडकीला कमेंट थांबल्या. अकरा हजार माणसं, एक अक्षर नाही, एक बदाम नाही. शिवांजलीला वाटलं, नेटवर्क गेलं. तिनं मोबाइल हलवून पाहिला, तिचाही डोळा लागला. गुरुजी एकटे सहाव्या खिडकीच्या कडीकोयंड्यापर्यंत जाऊन पोचले आणि त्यांनी समाधानानं बाड मिटलं.

दुसऱ्या दिवशी लोक मामांना विचारतच नव्हते. "गुरुजी कुठं आहेत?" "मी चौथ्या खिडकीपर्यंत जागा होतो, पुढं काय झालं?" "आमच्या आईला पहिल्या दोन खिडक्या पुन्हा ऐकायच्या आहेत."

नारायणरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. "कल्याणप्पा, वाचक आहेत रे अजून. पुढं काय झालं विचारतात, याचा अर्थ उत्कंठा आहे."

कल्याणप्पा म्हणाला, "व्हय गुरुजी."

महिन्याभरात सगळा लोंढा गुरुजींच्या नावावर गेला. गाड्या आता समोरच्या घरापुढं थांबायला लागल्या. झोपमामाच्या लाइव्हला सतरा जण उरले, मग नऊ, मग सुरतेच्या बाई एकट्या. कल्याणप्पाला हायसं वाटलं, पण अगदीच खोटं कशाला सांगा, चार दिवस तो येता-जाता समोरच्या चपलांचे जोड मोजत होता. एकदा गुरुजींनी त्याला अडवून विचारलं, "तू तर पहिला श्रोता. खरं सांग, लिखाण कसं वाटतं?"

कल्याणप्पानं बराच विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं आणि म्हाताऱ्याचं मनही मोडायचं नव्हतं. "गुरुजी, तुमी वाचायला लागलाव की अंग कसं कापसावानी हलकं होतंय."

गुरुजी ते वाक्य रोज लाइव्हच्या सुरुवातीला सांगायला लागले, गादीवाल्याचं नाव-गाव-पत्त्यासकट. त्यातून पुन्हा मागण्या आल्या. या वेळी कल्याणप्पानं शिवांजलीला मोबाइल धरायला लावला आणि एकदाच काय ते सांगून टाकलं.

"गादी मी भरतो. कापूस चांगला घालतो, टाके जवळ घालतो. झोप ज्याची त्यानं आणायची. ती मुरवून मिळणार न्हाय."

काहींनी मागणी रद्द केली. बऱ्याच जणांनी केली नाही. नागपूरच्या गृहस्थांनी लिहिलं की ठीक आहे, मग निदान गुरुजींची सही तरी खोळीवर घ्या. ते मान्य झालं.

परवा एक पुण्याकडची गाडी चुकून दुकानापुढं थांबली. नवरा-बायको चपला काढून चवड्यावर आत आले. कल्याणप्पा मशीनवर होता, अंगभर कापूस, घामानं चिकटलेला.

"झोपमामा इथंच झोपायचे ना?" बाईंनी कुजबुजत विचारलं.

"इथंच."

"आता कुठं असतात?"

"कामाला लागले," कल्याणप्पा म्हणाला. "मोठ्यानं बोला ताई, मशीनच्या आवाजात ऐकू येत न्हाय. गादी कडक पायजे का मऊ?"

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. बाई म्हणाल्या मऊ, नवरा म्हणाला कडक. त्यांचं ठरेपर्यंत त्यानं दुसऱ्याच गादीची खोळ उसवायला घेतली.