केळं पालथं घालायचा हिवाळा

आमच्या कंपनीच्या कॉलनीत पोहण्याचा तलाव होता. उन्हाळ्यात त्यात साहेब लोकांची मुलं असत आणि हिवाळ्यात कडुनिंबाची पानं. पिंपरीची थंडी म्हणजे काही हिमालय नव्हे, पण पहाटपाळीचा भोंगा होताना उघड्या तलावात उतरून पाहा, मग बोलू. ज्या गोष्टीचा कुणालाच उपयोग नाही ती कामगारांच्या कल्याणासाठी राखून ठेवायची, ही कंपनीची जुनी रीत. त्या रीतीनुसार सत्तरच्या दशकाच्या अखेरीस एका हिवाळ्यात तो तलाव सकाळच्या वेळी आम्हांला मिळाला.

त्याचं असं झालं, की आमच्या ट्रेनिंगच्या साहेबांना एक नवं मशीन शिकण्यासाठी अमेरिकेला धाडलं होतं. मशीन काही आलं नाही, साहेब मात्र एक छंद घेऊन परत आले. तिकडे म्हणे लोक अरुंद होडीत बसून उधाणलेल्या नदीत घुसतात. होडी उलटली तरी माणूस बाहेर पडत नाही. डोकं खाली, पाय वर अशा अवस्थेत वल्ह्याचा एक फटकारा मारतो आणि होडीसकट पुन्हा सरळ होतो. होडी उलटली तर मुकाट्याने काठाला यावं, एवढी अक्कल नसलेल्यांचा हा खेळ, असं माझं तेव्हाचं मत होतं. साहेबांच्या तोंडावर मी अर्थातच 'वा!' म्हणालो.

होडी भोसरीत तयार झाली. फायबरच्या टाक्या बनवणाऱ्या एका शेडवाल्याकडे पिवळा रंग उरला होता, म्हणून ती पिवळी. लांबट, दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये जरा वाकलेली. पहिल्याच दिवशी तिचं नाव 'केळं' पडलं. बसायच्या भोकातून पाणी आत येऊ नये म्हणून कमरेला घट्ट बसणारं आणि भोकावर ताणून लावायचं रेक्झिनचं झाकण लागे. ते स्कूटरची सीटकव्हरं शिवणाऱ्याने शिवून दिलं. ते घालून तलावाकडे निघालं की पाळी सुटलेले लोक सायकली थांबवून विचारत, "काय राव, घागरा कुणाचा?"

त्या कसरतीला साहेबांना मराठी नाव हवं होतं. आम्ही म्हणालो, पलटी. आमच्या भागात नाशिक रस्त्यावर ट्रक पलटी खातो आणि युनियनचा पुढारी पलटी मारतो, पण दोघांपैकी कुणीच पुन्हा सरळ झाल्याचं ऐकिवात नाही. साहेबांना शब्द असभ्य वाटला. त्यांनी 'नौका-परिवर्तन' असं नाव ठेवलं. ते नोटीस बोर्डावर लागलं आणि तिथेच राहिलं.

आता मी यात का पडलो, ते सांगतो. साहेबांचा बेत पावसाळ्यात भामा नदीवर जायचा होता. चाकणच्या पलीकडे त्या नदीच्या काठी माझ्या वडिलांचं गाव. गावाचा घाट वरच्या अंगाला, आमच्या वस्तीचा पाणवठा खाली, म्हणजे गावाने धुऊन-विसळून झालेलं पाणी आमच्या वाट्याला. उन्हाळ्यात नदी आटली की विहीर. तिला हात लावायचा नाही. काठापासून लांब घागर ठेवून बसायचं आणि कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतणार. पुढे आम्ही बौद्ध झालो. विहीर जुन्याच धर्मात राहिली. वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, गाव सोडून कासारवाडीत भाड्याच्या खोलीत आले आणि फाउंड्रीत लागले. नदीकाठी जन्मलेल्या या माणसाला पोहता येत नव्हतं. साहेबांनी नदीचं नाव घेतलं त्या क्षणी मी ठरवून टाकलं, की त्या वरच्या घाटासमोरून होडीत बसून जायचं. दुसरं काही नको होतं मला.

आबांना बेत सांगितला, तर ते भडकले. "कंपनीनं तुला ड्रॉइंग काढाया ठिवलाय का पान्यात लोळाया? पान्याचा नाद नगं. पानी आपलं कवा नव्हतं." आई मात्र रोज माझा ओला टॉवेल वाळत घालायची.

त्यात वेल्फेअर ऑफिसरने अट घातली. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर सगळ्यांसमोर जो उलटून पुन्हा वर येईल, त्यालाच नदीवर परवानगी. बाकीच्यांनी काठावरून टाळ्या वाजवायच्या.

साहेब शिकवायला रोज येत. स्वेटर, मफलर, माकडटोपी आणि हातात चहा. पाण्याचा आणि त्यांचा संबंध चहापुरताच. शिकवण्यासाठी त्यांच्याकडे अमेरिकेहून आणलेल्या चित्रावरून ट्रेस केलेला एक कागद होता. वर होडीचं बाजूने काढलेलं चित्र, त्याच्या खाली दुसरं, वल्हं कुठून कुठे फिरवायचं त्याचे बाण दाखवणारं. आम्ही सगळे ड्रॉइंग ऑफिसातले आणि टूलरूममधले. खाली काढलेलं चित्र म्हणजे वस्तू वरून कशी दिसते ते, हे याच साहेबांनी अप्रेंटिस असताना आमच्या डोक्यात ठोकून बसवलेलं. तेव्हा बाणांचा अर्थ लावायला कुणालाच क्षणभरही लागला नाही.

कागदात दाखवलं होतं तसं आम्ही इमानेइतबारे केलं. उलटायचो, वल्हं कागदाप्रमाणे ओढायचो आणि होडीच्या पोटावर ते खर्रकन घासायचं. होडी ढिम्म. नाकातून तलावातल्या औषधाचं पाणी थेट मेंदूत. मग छातीएवढ्या पाण्यात उभा असलेला माझा जोडीदार होडी धरून मला सरळ करायचा. हा जोडीदार मराठवाड्यातला, टूलरूममध्ये फिटर. मी वर आलो की तो विचारायचा, "काय दिसलं भाऊ खाली?" त्याची पाळी आली की मी तेच विचारायचो. आमच्या तलावाच्या तळाची फरशी कुठे कुठे तडकली आहे ते मला आजही तोंडपाठ आहे.

काठावरून साहेब म्हणत, "अरे, बेसिक आहे हे! तुम्हांला शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी." आम्ही त्या वेळी खरोखरच पालथे असल्यामुळे उत्तर देता येत नसे.

जानेवारी उजाडला तरी एकालाही जमलं नव्हतं. माझी झोप उडाली होती. नदी हातची जाणार आणि आबांचं म्हणणं खरं ठरणार, यातलं काय जास्त बोचत होतं ते सांगणं कठीण. दोन्ही बोचत होतं.

आणि एका सकाळी वारा सुटला. साहेब चहा ओतून घेत होते, तेवढ्यात कागद त्यांच्या मांडीवरून उडाला आणि पाण्यात पालथा पडला. ट्रेसिंगचा कागद तो, शाई मागूनही स्वच्छ दिसते. त्याच्याभोवती आम्ही गोळा झालो. बाण सगळे उलट्या बाजूला गेलेले.

"आपल्या आधी कागदानंच पलटी मारली की," जोडीदार म्हणाला आणि होडीत बसला. "उलटं तर उलटं. बुडायचंच हाय तर असं बुडू का तसं बुडू, काय फरक पडायलाय?"

तो उलटला. वल्हं बाहेरच्या बाजूला अर्धगोल फिरलं आणि केळं गर्रकन सरळ झालं. आत तो बसलेला, तोंड उघडं. त्याला वाटलं मीच सरळ केलं. मी तर लांब शिडीपाशी उभा होतो.

मग उलगडा झाला. अमेरिकेत खालचं चित्र म्हणजे खालून दिसणारं. चित्रकाराने होडी पाण्याखालून पाहिली होती आणि आम्ही ती शिस्तीत वरून पाहत होतो. अख्खा हिवाळा आम्ही चूक वाचलेलं बरोबर करत होतो. साहेबांनी कागद झटकला. मग मफलर सारखा करून म्हणाले, "मी मुद्दामच आधी उलटं शिकवलं. दम वाढतो त्याने." युनियनचा पुढारी परवडला, असं माझ्या मनात आलं. हा माणूस पलटी मारून जागच्या जागी सरळही झाला होता.

सव्वीस जानेवारीला तलावाभोवती खुर्च्या, सतरंज्या, बुंदीचे लाडू. आबांना मी बोलावलं नव्हतं. तरी ते आले. फाउंड्रीची पाळी संपवून, भुवयांवर काळी भुकटी तशीच घेऊन, गर्दीच्या मागे उभे. आज वर आलो नाही तर यांच्यासमोर नाही आलो, असं होणार होतं.

माझं नाव पुकारलं. मी उलटलो. खाली सगळा आवाज बंद झाला. ओळखीच्या तडकलेल्या फरशा दिसल्या. मी वल्हं बाहेर फिरवलं, कंबर झटकली आणि उजेडात आलो. टाळ्या वाजत होत्या. साहेब वाकून वाकून वेल्फेअर ऑफिसरला सांगत होते, की आपली पद्धत वेगळी आहे.

मी केळं काठाला लावलं तेव्हा आबा पुढे येऊन काठावर उकिडवे बसले होते. माझ्याकडे न बघता त्यांनी दोन्ही हात पाण्यात घातले, ओंजळ भरली आणि ते पाणी ते प्यायले. ज्यात आम्ही अख्खा हिवाळा नाकं शिंकरली होती ते पाणी.

तलावाचा राखणदार धावत आला. "ओ काका! पिऊ नका ते, औषध टाकलंय!"

जन्मभर पाण्यापासून अडवलेल्या माणसाला पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्या पोटाच्या काळजीने अडवत होतं. बरं झालं, माझा चेहरा आधीच ओला होता.

आबांनी मिशा पुसल्या. "कडू हाय," ते राखणदाराला म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "पावसाळ्यात वरच्या घाटावरनं जानार न्हवं?"

"हो."

"मंग दमानं जा," आबा म्हणाले. "बघू दे त्येन्ला."