देवीची मिनी

सिंगापुरात बिशानच्या कॉन्डोत राहणाऱ्या, बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या मेधाताईंची एक गोष्ट तिथल्या मराठी मंडळातल्या प्रत्येकीला पाठ आहे. लग्नात सासूबाईंच्या सांगण्यावरून नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं 'शांभवी' असं लिहिलं, तर या नवऱ्या मुलीनं ती अक्षरं हातानं पुसून टाकली. "मेधा म्हणून जन्मले, मेधाच राहणार!" आणि राहिल्या. कौतुकच आहे.

अडीच वर्षांपूर्वी सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि इंडोनेशियातल्या जावा बेटावरून देवी नावाची मुलगी कामाला आली. आता "देवी, संडास घास" असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? पाप लागायचं! मेधाताईंनी पहिल्याच दिवशी तिची मिनी केली. पासपोर्ट काढून घेतला आणि कपाटात कुलूपबंद केला. मोबाइल दिवसाकाठी अर्धा तास. सुट्टी नाहीच, बाहेर दुसऱ्या मेड भेटतात, कान भरतात. "आमच्या घरातलीच आहे ती," असं त्या चारचौघांत सांगत, आणि त्यांना ते खरंच वाटे. घरातलीच ही पोर जेवायची मात्र ओट्यापाशी, उभ्यानं.

दोन वर्षांचा करार संपला. सासूबाईंकडून शिकलेल्या मराठीत देवी म्हणू लागली, "मॅडम, मला घरी जायचं."

"पुढच्या महिन्यात, मिनी."

असे सहा महिने गेले. ही गेली तर म्हातारीला न्हाऊ कोण घालणार, डायपर कोण बदलणार, या धास्तीनं मेधाताईंचा जीव टांगणीला लागलेला. एकदा पोरीनं हात जोडले, तेव्हा त्या कडाडल्या, "एवढं केलं तुझ्यासाठी, त्याचे हे पांग फेडतेस? कृतघ्न कुठली!"

गेल्या रविवारी दुपारी मंडळात त्यांचं भाषण होतं. विषय, 'माझं नाव, माझा हक्क'. टाळ्या घेऊन घरी आल्या तर कपाट सताड उघडं आणि मिनीचा पत्ता नाही. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. कपाटाची किल्ली सासूबाईंच्या उशीखाली असायची.

"चोरटी! तुमच्या डोक्याखालून किल्ली नेली आणि तुम्हाला कळलं नाही?"

"नेली नाही. मी दिली," सासूबाई म्हणाल्या. "पोचली असेल एव्हाना त्यांच्या वकिलातीत."

"वेड लागलंय का तुम्हाला? आता तुमचं कोण करणार?"

"तो विचार मी चार दिवस केला. भीती वाटली गं. पण तू माझ्याशी भांडलीस तेव्हा तुझ्यामागे माहेर होतं, मेधा. हिच्यामागे कोण होतं?"

मेधाताईंना त्या क्षणी म्हातारीचा भयंकर संताप आला. सगळं जग कृतघ्न, आणि आता हीसुद्धा.

"दुपारपासून एकाच कुशीवर आहे," सासूबाई म्हणाल्या. "वळव मला."

मेधाताई पलंगाशी आल्या. कुठला हात कुठे घालायचा, त्यांना ठाऊक नव्हतं.

"आधी खांद्याखाली घाल. आणि हळू. देवी हळू वळवायची."