दूधवाल्याच्या शॉकअपवर काचेचा माल

बाजाराहून आलं की आमच्याकडे आधी फुटका माल निवडला जायचा. माय पेट्या उघडायची आणि बाबा पाठ फिरवून हातपाय धुवायचे. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं, ही रीत घरात काटेकोर पाळली जायची. पण रीत पाळून काच सांधत नाही. ज्या आठवड्यात एखादी पेटी अख्खी जायची, त्या आठवड्यात फोडणी नावापुरती असायची आणि माझ्या फीचा विषय कोणी काढायचं नाही. मी बुलढाण्याला बी.एस्सी.ला होते. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते.

गाडी, म्हणजे मोटरसायकल, बाबांनी एका दूधवाल्याकडून जुनी घेतलेली. कॅन लादल्यावर ती मागून बसू नये म्हणून त्याने शॉकअपच्या स्प्रिंगांच्या वेढ्यांमध्ये टायरचे तुकडे ठोकून बसवले होते. बाबांना ते फार पसंत पडलं. "दबतच नाही! दणकट काम हाय," असं ते टाकीवर थाप मारून सांगायचे. आता दूध हिंदकळलं तरी दूधच राहतं. आम्ही त्या गाडीवर काचेच्या बांगड्या लादत होतो आणि पेट्यांच्या पुढे मायला बसवत होतो. फुटलं की रस्त्याला शिव्या घालायच्या. स्प्रिंगची गणितं मला तोंडपाठ होती, तरी दोष त्या टायरच्या तुकड्यांचा आहे, हे माझ्याही डोक्यात कधी आलं नाही.

माझं कॉलेज संपून बुलढाण्यालाच एका प्रयोगशाळेत नोकरी लागली, त्याच वर्षी धाड गावच्या बाजाराला जाताना मागचं चाक एका खड्ड्यात असं आदळलं की माय घरी आली ती कुशीवर झोपली. माकडहाडाला मार होता. महिनाभराने डॉक्टर म्हणाले, बाजार करा, पण दचके बसता कामा नयेत. बाबांनी त्याचा अर्थ लावला, गाडी बंद. बाजाराच्या वेळेला धाडला बस नाही; जीपवाले पेट्या टपावर फेकतात आणि आत चौघांच्या जागेत सहा कोंबतात, तिथे ती बसणार कशी?

माय नसली की आमचा बाजार नसतो. बांगड्या सगळीकडेच मिळतात, बाया येतात त्या मायच्या हातासाठी. कितीही घट्ट बांगडी ती न दुखवता चढवते. बाबा दोनदा एकटे जाऊन बसले. "बाई कुठी हाय?" म्हणून बाया विचारायच्या आणि पुढे जायच्या. तिसऱ्या बाजाराला ते गेलेच नाहीत. बाजारातल्या जागेला कागद नसतो, जो बसतो त्याची जागा. चार-पाच बाजार रिकामी दिसली की शेजारचा आपली ताडपत्री सरकवतो. आमच्या शेजारच्या कपडेवाल्याने सरकवायला सुरुवात केल्याचा निरोप आला, तेव्हा माय भिंतीकडे तोंड करून पडली.

भावकीतले सांगू लागले, वय झालं आता, बसा घरी. पंचेचाळिशीच्या बाईचं वय झालं म्हणे! मी म्हटलं, वय गाडीचं झालंय.

टायरचे तुकडे मी स्वतः उचकून काढले आणि मागून गाडी दाबली, तर ती पाळण्यासारखी झुलतच राहिली. आतलं तेल कधीच गळून गेलेलं. स्प्रिंग धक्का झेलते, पण झेललेला धक्का शांत करतं ते तेल. एवढं मला कॉलेजने शिकवलं होतं. मी शॉकअपच्या दोन बोल्टांमधलं माप घेतलं आणि तेलासोबत गॅस भरलेले नवे शॉकअप बसवून घ्यायला बुलढाण्याच्या मिस्त्रीचाचांकडे गेले.

"चाचा, गॅसवाले शॉकअप पाहिजेत. नरम."

"नरम?" त्यांनी पाना खाली ठेवला. "गाडी बाजाराची हाय का नवरदेवाची? लोकं माह्याकडे कडक करून घ्यायले येतात, बेटा."

"लोकांच्या गाडीवर सिमेंट असते. माह्या गाडीवर माय असते."

"बापाले इचारलं का?"

"गाडी त्यांची, पगार माहा."

चाचा हसले आणि मी दिलेल्या मापाचे शॉकअप त्यांनी बसवले. घरी पेट्या लादून बाबांनी चक्कर मारली, तर टायर मडगार्डला घासून जळका वास सुटला. शॉकअप आखूड पडले होते. दुसऱ्या दिवशी चाचांनी चष्म्यावरून पाहिलं.

"माप कसं घेतलं होतं?"

"साइड स्टँडवर."

"म्हंजे दबलेल्या शॉकअपचं! किती शिकली म्हणे तू?"

"बी.एस्सी. फिजिक्स."

"मंग त्या फिजिक्सात डबल स्टँड नव्हतं वाटते!"

चूक माझी होती. डबल स्टँडवर, चाक अधांतरी ठेवून माप घ्यायचं असतं. मी ते कबूल केलं आणि टेप चाचांच्या हातात दिली. नरमचा हट्ट मात्र सोडला नाही. चुकले म्हणून मागणं चुकीचं ठरत नाही. आमच्या पाठी जन्मतःच दणकट असतात, असं कोणी ठरवलं? बाजार करणाऱ्या बाईने बूड न दुखता प्रवास करावा, यात हसण्यासारखं काय आहे, ते मला आजही कोणी समजावून सांगावं.

बरोबर मापाचे शॉकअप बसले त्या दिवशी बाबा मायला बसने बुलढाण्याला घेऊन आले. स्प्रिंग किती दाबून कडक करायची, याच्या शॉकअपवर पाच खाचा असतात; शेवटची सगळ्यात कडक.

"शेवटच्या खाचीवर टाका," बाबा म्हणाले.

"दुसऱ्या," मी म्हणाले.

"हाड माहं हाय," माय म्हणाली, "मले इचारा ना कोणी!"

पेट्या मी गाडीवरच आणल्या होत्या; त्या लादल्या, तिला मागे बसवलं आणि मी पुढच्या स्पीडब्रेकरवरून दोनदा गाडी नेली. ती उतरली आणि चाचांना म्हणाली, "तिसऱ्यावर टाक, भाऊ. दुसऱ्यात पोटात डचमळते." चाचांनी तिसऱ्यावर टाकलं.

पुढच्या बाजाराला बाबा आणि माय गाडीवर, मी जीपने, असे धाडला पोचलो, तर कपडेवाल्याची ताडपत्री आमच्या जागेत निम्म्यावर आलेली.

"अव्वो, बाई! तुमी तं घरी बसल्या, असं आयकलं."

"गाडीवर बसली न् आली. सरक."

तो सरकला. मायने पोतं अंथरलं आणि तास उलटायच्या आत तिच्यापुढे बायांचे हात होते.

तेव्हापासून मायचा एकही बाजार चुकलेला नाही. धाडच्या बाजारात तिची जागा तिचीच आहे.