पलीकडची साखळी

वीज सबस्टेशनकडून येते आणि लाइनच्या टोकाला संपते, हे आम्ही लाइनमन लोक सूर्य पूर्वेला उगवतो तसं धरून चाललो होतो. लाइन बंद करून घ्यायची, सबस्टेशनच्या बाजूच्या तारांना अर्थिंगची साखळी लावायची. चुकून कुणी वीज सोडलीच तर ती जमिनीत जाते. टोकाच्या बाजूलाही एक साखळी लावा, असं ट्रेनिंगमध्ये सांगायचे. आम्ही माना डोलवायचो आणि चहाला जायचो.

पैठण रोडला आता शेड तिथं सोलर आहे. त्या दिवशी तिथल्या खांबावर दाजी चढणार होते. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक, मला या कामात त्यांनीच आणलं. साखळ्या लावायचं काम माझं. अलीकडची लावली. पलीकडच्या, टोकाच्या बाजूच्या खांबापर्यंत चालायचं होतं आणि ऊन मरणाचं होतं. मी गेलो नाही.

पट्टा आवळत दाजींनी विचारलं, "पलीकडची टाकली का रं?"

"व्हय," मी म्हणालो.

वर जाऊन त्यांनी दोन्हीकडच्या तारा जोडणारा जळका तुकडा काढला. आता अलीकडच्या साखळीचा टोकाकडच्या तारांशी संबंध उरला नाही. तेवढ्यात टोकाच्या गोदामात कुणीतरी, लाइट नाही म्हणून, बॅटरीवरचं सोलर चालू केलं. त्याची वायरिंग चुकलेली होती. वीज उलटी आली. दाजी पट्ट्याला लटकले.

उजवा हात कोपरापासून काढावा लागला. दवाखान्याच्या जिन्यात बसून मी माझा डबा खाल्ला. भाजी अळणी होती, एवढंच आठवतं. रडू आलं नाही. लाजही वाटली नाही, आणि ती वाटायला हवी हे मला कळत होतं.

चौकशीला साहेब आले. दाजी म्हणाले, "पोरगं जात व्हतं. मीच नगं म्हणलो."

बहीण अजून तेच खरं मानते. सणाला मला आधी वाढते. मी जेवतो.

दाजी आता घरीच असतात. रोज सकाळी, मी कामावर पोचलो की त्यांचा फोन येतो.

"पलीकडची टाकली का रं?"

"व्हय." आता खरंच टाकलेली असते.



"जाऊन बघून ये," ते म्हणतात. "मी फोन धरतो."

मी चालत जातो, बघतो, परत येऊन सांगतो.