समोरच्या खुर्चीवरचा डबा

मालिकेतल्या त्या दोघी पोलीस अधिकारी, तक्रार घेऊन कुणी बाई आली की घाई करत नाहीत. एक दार लोटते, दुसरी खुर्ची पुढे ओढते.

"तुमच्या ठाण्यातही असंच बसवायचे ना हो?" बायको दर वेळी विचारते. मी हो म्हणत आलो.

खोटं होतं ते. नवऱ्याच्या माराची तक्रार घेऊन एकजण आली, तेव्हा समोरच्या खुर्चीवर माझा जेवणाचा डबा होता. तो मी उचलला नाही. "घरातलं घरात मिटवा," म्हणालो. ती उभ्यानंच परतली. चौथ्या दिवशी तिच्या प्रेताचा पंचनामा मीच लिहिला.

आज टीव्ही बंद करून उभा राहिलो. म्हणालो, "तुला काही सांगायचंय."

"बसा आधी," म्हणत बायकोनं सोफ्यावरची मेथी बाजूला सारली.

मला बसवेना.