शेवटच्या वावराचं पाणी

अख्खं गाव ज्याच्याकडे पाणी मागायचं, त्या माझ्या दोस्ताच्या, हिलालच्या, नावावर तुळशीच्या कुंडीएवढीही जमीन नव्हती. आणि नव्हती म्हणूनच तो आमचा पाटकरी होता. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं की तो माझ्याकडे येड्यासारखा बघतो. बघू दे. मी, धनसिंग, पहिल्या लढाईत बसऱ्यापर्यंत जाऊन आलोय, जग पाहिलंय. तिथे समुद्राला भरती आली की नदी आपोआप फुगते आणि खजुराच्या बागांतल्या पाटांत पाणी चढतं. कुणाला बोट लावावं लागत नाही, भांडावंही लागत नाही. आमच्या पांझरेला कुठली आलीय भरती? आमच्याकडे पाणी माणसानंच वाटायचं.

आमच्या बंधाऱ्याखालच्या जमिनीचे चार फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. गव्हाचा फड म्हणजे गहू, उसाचा म्हणजे ऊस. ‘मला वाटेल ते पेरीन’ म्हणणाऱ्याला गाव सरळ करायचं. आणि स्वतःच्या वावरात स्वतःच्या हातानं पाणी घ्यायचं नाही! मालक बांधावर उभा राहून नुसता बघणार, पाणी देणार पाटकरी. पाण्याची सुरुवातही शेवटच्या वावरापासून व्हायची. पाट तळाला जिथे संपतो तिथलं वावर आधी भिजायचं, मग वर सरकत सरकत बंधाऱ्यालगतचं सगळ्यात शेवटी. हे कुणी ठरवलं देव जाणे, माझ्या आज्यालाही ठाऊक नव्हतं.

हिलालला एकच मुलगी, बेबाबाई. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे बापाच्या मागे मागे पाटावरच वाढलेली. ती लग्नाची झाली तेव्हा शिरपूरकडचं एक चांगलं स्थळ आलं होतं. पण हिलालनं ती गावातल्याच वना नावाच्या पोराला दिली. मी त्याला म्हटलं, “अरे, वनाचं वावर गव्हाच्या फडात, तेही अगदी तळाला. लोक बोलतील.”

“बोलू दे ना भाऊ. पोर डोया समोर ऱ्हाई,” तो म्हणाला आणि लाजल्यासारखा हसला. त्या हसण्यापुढे मी काय बोलणार, कपाळ!

तीन-चार वर्षं बरी गेली. मग एक साल पावसानं दगा दिला आणि पौषातच पांझरेची धार करंगळीएवढी झाली. हिलालनं नेहमीप्रमाणे पहिलं पाणी तळाला, म्हणजे लेकीच्या वावरात सोडायची तयारी केली. उखर्डूचं वावर बंधाऱ्याला लागून, त्याची पाळी सगळ्यात शेवटी. त्याच्या जिभेला हाड नाही. भर पारावर तो म्हणाला, “पाणी तळाला कसं धावतंय बघा! त्यालाही लेकीची ओढ लागली वाटतं.”

सगळे हसले. अहो, गंमतच होती ती, उखर्डूचा बापही असंच बोलायचा. पण हिलालचं तोंड पांढरं पडलं. जन्मभर ज्याच्याकडे कुणी बोट दाखवलं नाही, त्याला ते हसणं सोसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटावर जाऊन बघतो तर पहिलं पाणी उखर्डूच्या वावरात! माझं टाळकंच सटकलं. “अरे हिलाल, डोकं फिरलं का तुझं?”

“आवंदा वरथून खाले दिसू,” तो फावड्यावर नजर ठेवून म्हणाला. “मना नावले बट्टा नको.”

“तुझ्या नावाला घाल चुलीत! वरून खाली दिलंस तर पाणी तळाला पोचेल का?”

“पोचाडसू,” म्हणाला. पोचवीन! जसं काही पाणी त्याच्या खिशात होतं.

आता खरी गोष्ट ऐका. दर वर्षी पाटातली खेकड्यांची बिळं बुजवायला सगळ्यात आधी कोण धावायचं? उखर्डू! धावणार नाही तर काय करणार, तळापर्यंत सगळे भिजल्याशिवाय त्याला पाणी नव्हतं. मधे एक थेंब गळाला तर त्याची पाळी पुढे जायची. वरची सगळी मंडळी म्हणूनच पाटाला पोरासारखं जपायची. ते जपणं त्यांच्या चांगुलपणाचं नव्हतं, त्यांच्या गरजेचं होतं. त्या साली वरच्यांची वावरं आधी भिजली आणि सगळे घरी जाऊन हुक्का ओढत बसले. पाट दोन जागी फुटला, निम्मं पाणी नाल्याला गेलं. हिलाल एकटा गुडघाभर चिखलात उभा राहून दगड लावत होता. मी गेलो मदतीला, पण दोन म्हाताऱ्यांनी काय पाट बांधला जातो?

पाणी निम्म्या फडापर्यंत पोचलं आणि नदीच आटली. खालचा सगळा गहू दाणा भरायच्या आत करपला. बेबाबाईचा तर काडीसकट गेला. ती पाटावर आली तेव्हा मी तिथेच होतो.

“आबा,” ती म्हणाली, “मी तुनी पोर शे, हाई मना गुन्हा शे का?”

वना पोटासाठी दोंडाईच्याला कापसाच्या जिनात कामाला गेला. बेबाबाईनं बापाच्या घराची पायरी चढणं सोडलं. एकाच गावात, दोन गल्ल्या सोडून! हिलाल रोज तिच्या दारावरून जायचा आणि दार लोटलेलं असायचं. माझ्या दोस्ताचे ते हाल मला बघवत नव्हते.

आखाजी आली. लेकींनी माहेरी यायचा सण. हिलालनं दारच्या निंबाला झोका बांधला, सांजोऱ्या केल्या, त्याही करपवल्या. झोका दिवसभर रिकामाच हलत राहिला. संध्याकाळी पारावर नव्या वर्षाचा पाटकरी ठरवायला गाव जमलं. हिलालनं फावडं सगळ्यांपुढे ठेवलं. “मनाकडथून चुकनं,” एवढंच म्हणाला. उखर्डूसुद्धा खाली मान घालून बसला.

तेवढ्यात गर्दीतून बेबाबाई आली. पारावर बाया बोलत नाहीत आमच्यात. ती आली, फावडं उचललं आणि बापाच्या हातात कोंबलं.

“पहिलं पानी मना वावरमा जाई,” ती गावाला म्हणाली. “ज्याले दुखी, त्यानी माले ईसन सांगानं. मना बापले नही.”

गावानं मान डोलावली. मला तर शिट्टीच वाजवावीशी वाटली, पण वय आडवं आलं.

पुढच्या हिवाळ्यात तळाच्या वावरात पाणी शिरलं तेव्हा सगळा फड पाटावर हजर होता. वनाही परत आला होता. गव्हाच्या कोवळ्या रोपांमधून पाणी वाट काढत निघालं आणि हिलाल बांधावर बसून लहान पोरासारखा रडायला लागला. बेबाबाई क्षणभर बघत राहिली. मग पदरानं त्याचं तोंड पुसत ओरडली, “आबा, रडस काय? तठे पाट फुटना!”

हिलाल फावडं घेऊन उठेपर्यंत उखर्डू दोन्ही हातांत चिखल घेऊन, शिव्या देत, फुटलेल्या पाटाकडे पळतही सुटला होता.